हीट मारली की चालू, पुन्हा डेड: २००७ च्या फोनमधलं कथील आणि नीट केलेलं रीबॉलिंग

प्रश्न थोडक्यात असा. ऐरोलीच्या एका रिपेअरिंग शिकणाऱ्या तरुणाकडे घरातला जुना नोकिया एन९५ आहे. सेट डेड. ब्लोअरने (गरम हवेच्या मशीनने) बोर्डावर हीट मारली की चालू होतो, दोन-तीन आठवडे नीट चालतो आणि परत डेड. क्लासमध्ये त्याला सांगितलंय की त्या काळात सोल्डरमधलं शिसं काढून नुसतं कथील ठेवलं, म्हणून हे फोन असे मरतात; शिशाच्या सोल्डरने रीबॉल कर (आयसी, म्हणजे चिप, काढून तिच्याखालचे सोल्डरचे बारीक गोळे, म्हणजे बॉल, नवे बसव), प्रश्न मिटेल. हे कितपत खरं, आणि करायचं तर कसं?

अर्धं खरं आहे. शिसं गेल्यामुळे सांध्याची वागणूक बदलली, यात वाद नाही. पण तुमचा सेट परत-परत मरतोय तो कथलामुळे नव्हे, कोरडी हीट मारल्यामुळे. फ्लक्स (सांध्याचा पृष्ठभाग साफ करणारं द्रव्य) नाही, तापमान मोजलेलं नाही, आयसीखालचे बॉल वितळले की नुसते तापले याचा पत्ता नाही. या तिन्ही गोष्टी सांभाळल्या तर शिसं असो वा नसो, सांधा टिकतो.

आधी धातूचं बघू. शुद्ध कथील २३१.९ अंश सेल्सियसला वितळतं, शिसं ३२७.५ ला. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं एकत्र केलं की मिश्रण १८३ अंशालाच वितळतं, आणि तेही एकदम. ६०:४० च्या तारेत मध्ये थोडी लगदा अवस्था येते. नेमका तेव्हा हात हलला तर सांधा आतून फाटतो. म्हणून बारीक कामाला ६३:३७. १९९४ चा आयबीएम सायमन (वजन ५१० ग्रॅम), १९९६ चा नोकिया ९००० कम्युनिकेटर (३९७ ग्रॅम) हे पहिले स्मार्टफोन म्हणता येतील असे सेट त्या वेळच्या सगळ्या उद्योगासारखे याच शिसेयुक्त डाखावर (सोल्डरवर) उभे होते.

मग युरोपीय संघाचा रोह्स निर्देश (घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा) आला. १ जुलै २००६ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंत, त्यातल्या कुठल्याही एकजिनसी पदार्थात, वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त शिसं चालेनासं झालं. आपल्याकडे तशी मर्यादा ई-कचरा नियमांतून १ मे २०१४ पासून लागू झाली. पण मोठ्या कंपन्या युरोपसाठी एक आणि भारतासाठी दुसरा बोर्ड बनवत बसत नाहीत, त्यामुळे आपल्या हातात आलेले फोन आधीच शिसेमुक्त होते.

आता तारखा शेजारी ठेवा. एन९५ बाजारात आला मार्च २००७ च्या सुमारास, पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ ला, पहिला अँड्रॉइड फोन ऑक्टोबर २००८ मध्ये. म्हणजे नवीन डाख, आणि आयसीखालचे बॉल आधीपेक्षा बारीक आणि दाट, दोन्ही बदल एकाच वेळी अंगावर आले. लोकांनी दोष एकट्या कथलाला दिला.

शिशाऐवजी जे आलं ते म्हणजे कथील, चांदी आणि तांब्याचं मिश्रण. सगळ्यात रुळलेलं सॅक ३०५: ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. वितळण्याचा पल्ला २१७ ते २२० अंश. हा डाख शिशाच्या डाखापेक्षा कडक. संथ ताण असेल, म्हणजे तापणं आणि गार होणं, तर सॅक ३०५ चांगला टिकतो. पण फोन लोकलमधून उतरताना फलाटावर आपटला, तर ताण मिलिसेकंदात येतो. शिशाचा मऊ बॉल अशा वेळी स्वतः दबून तो ताण गिळतो. कडक बॉल तो जसाच्या तसा खाली पॅडपर्यंत (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यापर्यंत) पोहोचवतो, आणि तिथे कथील आणि तांब्याच्या संयोगातून बनलेला एक-दोन मायक्रॉनचा ठिसूळ थर असतो. तडा तिथेच जातो, बॉलच्या पोटात नाही. उद्योगाने हे लवकर ओळखलं. हातात धरायच्या उपकरणांच्या बोर्डांसाठी जेडेकची (इलेक्ट्रॉनिक उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची) जी आपट-चाचणी आहे तिच्यात १५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट) इतका धक्का अर्ध्या मिलिसेकंदात देतात. अशा चाचण्यांतूनच चांदी कमी केलेले बॉल पुढे आले. सॅक १०५ मध्ये चांदी फक्त एक टक्का. तो थोडा मऊ, आपटण्याला बरा, पण तापण्या-गार होण्याला सॅक ३०५ पेक्षा कच्चा. दोन्ही एका बॉलमध्ये मिळत नाही.

कथील त्या फोनमध्ये आणखी एका जागी होतं, आणि तिथल्या बिघाडावर सोल्डरिंग आयर्नचा काही उपयोग नाही. टचच्या काचेवरचा पारदर्शक वीजवाहक थर हा इंडियम आणि कथलाच्या ऑक्साइडचा असतो, साधारण नव्वद भाग इंडियम ऑक्साइड आणि दहा भाग कथील ऑक्साइड. आयफोनमध्ये तो काचेवर होता. नोकिया ५८०० सारख्या दाबून चालणाऱ्या टचमध्ये वरचा थर लवचिक प्लास्टिकवर, आणि हे ऑक्साइड ठिसूळ. वर्षानुवर्षं एकाच जागी स्टायलस दाबला की तडकतं. टचचा एक पट्टाच मेला असेल तर डिजिटायझर (टचचं पॅनेल) बदला, बोर्डाला हात लावू नका. एन९५ ला टच नाही, तेव्हा तुमच्यापुरता हा विषय इथेच संपला.

आता हीट मारून सेट का चालू होतो ते. तडा गेलेल्या सांध्याच्या दोन्ही तोंडांवर कथलाच्या ऑक्साइडचा पापुद्रा चढतो. ब्लोअरच्या आकड्यावर ३०० दिसत असलं तरी आयसीखाली बहुतेक वेळा १७०-१९० अंशच पोहोचतात. सॅक त्या तापमानाला वितळत नाही. बोर्ड किंचित वाकतो, तडा मिटतो, दोन तोंडं एकमेकांना टेकतात, सेट चालू. खिशात चार वेळा दाबला गेला, की परत उघडतात. आणि खरोखर २२० च्या वर गेलात तरी ऑक्साइड तसंच राहतं. ते वितळायला सोळाशे अंशांच्या वर जावं लागतं. वितळलेला बॉल त्या पापुद्र्यातून पॅडला धरत नाही, नुसता उशीवर डोकं ठेवल्यासारखा टेकून राहतो. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात आधी नवसागर टाकतो आणि मग कथील फिरवतो, ते याच कारणाने: पृष्ठभाग साफ झाल्याशिवाय कथील पसरत नाही. फ्लक्सचं काम तेच. फक्त नवसागर, किंवा त्याच जातीची आम्लाची पेस्ट, बोर्डावर चालत नाही. मागे राहिलेलं क्षार पावसाळ्यात ओल धरतं आणि ट्रॅक खातं. डबीतली स्वस्त पिवळी पेस्ट पत्र्याच्या आणि जाड वायरच्या कामाला ठेवा. बीजीएला (खाली बॉल असलेल्या आयसीला) चिकट, नो-क्लीन प्रकारचा फ्लक्स सिरिंजमधून.

दिसण्यावरून होणारी एक गफलत नवीन मुलांमध्ये फार दिसते. शिशाचा सांधा आरशासारखा चकाकतो. सॅकचा चांगला सांधासुद्धा मळका, दाणेदार दिसतो. त्याला ड्राय सोल्डर (न धरलेला सांधा) समजून प्रत्येक पॉइंट पुन्हा तापवत सुटू नका. मायक्रोस्कोपखाली कडा बघा: डाख पॅडवर उतरत जाऊन पातळ होत संपला असेल तर सांधा ठीक, गोळा होऊन उभा असेल तर धरलेला नाही. काही बोर्डांवर गोलात किंवा मोकळं ‘ई१’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ कथील-चांदी-तांबं.

रीबॉलिंगला बसण्याआधी बिघाड खरंच आयसीखाली आहे का ते ठरवा. बीएल-५एफ बॅटरी (९५० एमएएच) इतक्या वर्षांनी मेलेलीच धरा. डीसी सप्लायवर ३.८ व्होल्ट लावा, करंटची मर्यादा एक अँपिअर. नोकियाच्या बॅटरीला तिसरा पॉइंट असतो, बॅटरी ओळखण्याचा. तो मोकळा ठेवलात तर धडधाकट सेटही उठणार नाही आणि तुम्ही उगाच आयसी उचलाल. बटण न दाबताच करंट वाहत असेल तर लाइन शॉर्ट आहे, ते काम वेगळं. बटण दाबून काटा हलतच नसेल तर बटण, कनेक्टर आणि पॉवर आयसीकडे बघा. करंट ३०-५० मिलिअँपिअरवर जाऊन तिथेच अडकत असेल तर प्रोसेसर आणि मेमरीचं बोलणं होत नाहीये: एक तर सांधा, नाहीतर सॉफ्टवेअर. बोटाने आयसीवर हलका दाब देऊन करंट बदलतो का बघा. बदलला तर सांधा. आणि करंट नीट चढतोय, व्हायब्रेट होतं, फक्त डिस्प्ले काळा, असं असेल तर एन९५ चा दुहेरी स्लायडर आठवा; तिथली फ्लेक्स पट्टी घासून तुटते. ती बदलायला कुठलीच हीट लागत नाही.

सांधाच आहे असं ठरलं तर पुढे.

मेमरी कार्ड काढा, कॅमेरा, कीपॅड, माइक, प्लास्टिकचं जे-जे सुटतं ते काढा. मग बोर्ड सुकवा. ही पायरी ठाण्या-नवी मुंबईत, विशेषतः जून ते सप्टेंबर, टाळण्यासारखी नाही. आयसीचं काळं प्लास्टिक आणि बोर्डाचा फायबर हवेतली ओल पितात. एकदम २३० अंशाला नेलं की ती वाफ होऊन आतून फुगते, फट् असा आवाज येतो आणि आयसी किंवा बोर्डाचे थर सुटतात. मग कुठलंही सोल्डर उपयोगाचं नाही. कारखान्यात सुट्या आयसीला १२५ अंशावर तासन्‌तास ठेवतात. आपल्या बोर्डावर कनेक्टरचं प्लास्टिक असतं, म्हणून १०० अंशावर ओव्हनमध्ये सहा ते आठ तास. ब्लोअरने दहा मिनिटं फिरवणं म्हणजे सुकवणं नव्हे. आणि घरच्या जेवणाच्या ओव्हनमध्ये हा उद्योग करू नका.

तापमान मोजायला के-टाइप थर्मोकपल घ्या. लॅमिंग्टन रोडला मल्टिमीटरबरोबरसुद्धा मिळतं. त्याचं टोक आयसीच्या कडेला लागून कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या टेपने) बसवा. ब्लोअरच्या स्टेशनवरचा आकडा हवेचा असतो, बोर्डाचा नाही. दोन्हींत शंभर अंशांचा फरक सहज पडतो. आजूबाजूच्या आयसी कॅप्टॉन टेप आणि त्यावर ॲल्युमिनियम फॉइल लावून झाका.

आयसीच्या कडेला काळा किंवा ॲम्बर रंगाचा चिवट गोंद दिसला तर तो अंडरफिल. आपटण्यापासून वाचवायला कारखान्यात घालतात, आणि रिपेअरवाल्याचा जीव तोच खातो. १८०-२०० अंशाला तो मऊ होतो. त्या वेळी चारही कडांचा गोंद बारीक पात्याने खरवडून काढा, बोर्डावरचा वार्निश न उकरता. गोंद धरलेला असताना आयसी उपटली की खालचे पॅड सोबत येतात.

मग खालून प्रीहीटर. बोर्ड १५० अंशापर्यंत हळूहळू, सेकंदाला दोन-तीन अंशांपेक्षा जोरात नको, आणि तिथे दीड-दोन मिनिटं थांबा. खालून हीट नसेल तर बोर्ड केळीसारखा वाकतो आणि कोपऱ्यातले बॉल तुटतात. आयसीच्या कडेने फ्लक्स सोडा, तो आत ओढला जाईल. आता वरून ब्लोअर, स्टेशनवर साधारण ३५०-३७०, हवा मध्यम, नोझल आयसीपासून एक सेंटिमीटरवर आणि सतत गोल फिरतं. थर्मोकपल २३५ च्या आसपास आलं की चिमट्याने आयसीला केसभर ढकला. ती हलून स्वतःच जागेवर परत आली, तर सगळे बॉल वितळले. मगच व्हॅक्यूम पेनने सरळ वर उचला. एक कोपरा आधी उचलायचा मोह नको. प्रोसेसरच्या डोक्यावर मेमरी बसवलेली असेल (याच पिढीत ही पद्धत रुळली) तर वरचा मजला आधी वितळतो. दोन्ही एकत्र उचलायच्या की सुट्या, हे हात घालण्याआधी ठरवा.

पॅड साफ करताना एक युक्ती: आयर्नवर ताजं ६३:३७ घेऊन पॅडवरून फिरवा. जुनं सॅक त्यात मिसळलं की मिश्रण कमी तापमानाला वितळतं. मग फ्लक्स लावलेली दोन मिलिमीटरची विक (डाख शोषून घेणारी तांब्याची पट्टी) आणि ३४० अंशाचं चपटं बिट (आयर्नचं टोक). विक घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची; गार होताना चिकटली तर पॅड उखडतो. हे दोनदा केलं की जुन्या डाखाचा अंश नगण्य राहतो. नंतर ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रश.

स्टेन्सिल (बॉल बसवायचा भोकांचा पत्रा) आयसीच्या पिचप्रमाणे (दोन बॉलमधल्या अंतराप्रमाणे). ०.५ मिलिमीटर पिचला साधारण ०.३ मिलिमीटरचे बॉल, ०.४ ला ०.२५. सुटे बॉल भरायचे नसतील तर ६३:३७ ची टाइप ४ (बारीक कणांची) पेस्ट, टिश्यूवर थोडी पिळून कोरडी केलेली. ओली पेस्ट तापताना उकळते आणि शेजारचे दोन बॉल एक होतात. पत्र्याने एकाच दिशेने भरा, वरचं पुसून साफ करा, स्टेन्सिल दाबून धरा आणि हवा अगदी कमी ठेवून तापवा. स्टेन्सिल गार झाल्यावर सोडवा. एखादा बॉल छोटा राहिला तर सगळं परत करा. त्याच एका बॉलवर सेट अडेल.

आयसी बसवताना पॅडवर फ्लक्सचा अगदी पातळ थर. जास्त झाला तर आयसी त्यावर तरंगत सरकते. सगळं ६३:३७ असेल तर २०५ ते २१५ अंश शिखर पुरेसं, १८३ च्या वर एक मिनिट. जुनं सॅक पॅडवर किंवा बॉलमध्ये उरलं आहे अशी शंका असेल तर २२५-२३० पर्यंत जाच. १८३ आणि २१७ च्या मध्ये थांबलात तर पेस्ट वितळते आणि बॉल तसाच राहतो. तो सांधा पहिल्या आपटीत जाईल. हीट बंद केल्यावर १५० च्या खाली येईपर्यंत बोर्डाला हात नाही आणि फुंकर तर मुळीच नाही.

शिसं की बिनशिशाचं, या प्रश्नावर माझं मत सरळ आहे. स्वतःच्या जुन्या सेटसाठी, सगळं सॅक काढल्यानंतर, ६३:३७ वापरा. सांधा फार मजबूत होतो म्हणून नव्हे, तर बोर्डाला वीस-पंचवीस अंश कमी सोसावे लागतात म्हणून, आणि शेजारच्या आयसींचे सॅकचे बॉल २१७ च्या खाली अजिबात हलत नाहीत म्हणून. वर्षं उलटलेल्या बोर्डाला प्रत्येक हीट महाग पडते: दर वेळी तांबं थोडं कथलात विरघळतं, ठिसूळ थर जाड होतो, आणि कथलाचं प्रमाण जास्त असलेला डाख हे काम शिशाच्या डाखापेक्षा जोरात करतो. आयर्नचं बिट लवकर खाल्लं जातं तेही यामुळेच. एका जागेवर तिसऱ्यांदा रीबॉल करायची वेळ आली तर पॅड किती शिल्लक आहेत ते आधी मोजा. महापे-रबाळ्याच्या एखाद्या असेंब्ली युनिटमध्ये कामाला लागलात तर मात्र हीच ६३:३७ ची तार खिशातही ठेवू नका. शिसेमुक्त लाइनवर तिचा एक थेंबही माल बाद करायला पुरतो.

बिस्मथची १३८ अंशाला वितळणारी पेस्ट हल्ली सगळे वापरतात, कारण काम झटपट होतं. शिसं लागलेल्या पॅडवर ती चुकूनही नको. कथील, शिसं आणि बिस्मथ एकत्र आले की ९६ अंशालाच वितळणारं मिश्रण तयार होतं. चहा उकळतो त्याच्या आत. चालत्या प्रोसेसरखाली अशी जागा असली तर सांधा आज ना उद्या सरकणारच.

शिशाबद्दल भीती चुकीच्या जागी असते. आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. नाकात जातो तो फ्लक्सचा धूर, आणि त्याने दमा बळावतो, म्हणून पंखा धूर ओढून बाहेर टाकेल असा लावा. शिसं पोटात जातं ते हातावाटे. साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. वापरलेली विक आणि डाखाचे थेंब झाकणाच्या डबीत जमवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. शिल्डच्या (आयसीवरच्या धातूच्या झाकणाच्या) आतल्या बाजूला मार्करने ‘६३:३७’ आणि तारीख लिहा, पुढचा मेकॅनिक कोणतं तापमान धरायचं ते त्यावरून ठरवेल.

दुसऱ्या एन९५ मधून प्रोसेसर काढून याला लावू, असा विचार मनात आला असेल तर सोडा. त्या पिढीच्या नोकियात प्रोसेसर आणि फ्लॅशमधली माहिती एकमेकांशी बांधलेली असते, नुसती आयसी बदलून सेट उठत नाही. आणि रीबॉल नीट होऊनही करंट त्याच आकड्यावर अडकत असेल तर तडा आपल्या बॉलमध्ये नाही, आयसीच्या पोटात सिलिकॉनला धरणाऱ्या सांध्यांत असू शकतो. तिथे आपला हात पोहोचत नाही. ब्लोअर बंद करा, कार्डावरचे फोटो कॉम्प्युटरवर घ्या, आणि बोर्ड पॅड साफ करण्याच्या सरावासाठी ठेवा.